544 गोलांच्या मॉरिस रिशारचं मोठेपण नेमकं कशात आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अलेक्झांडर ओव्हेच्किनने 6 एप्रिल 2025 रोजी 895वा गोल मारून वेन ग्रेट्झ्कीचा 894 गोलांचा विक्रम मोडला. असं असताना एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये मोसमात सर्वाधिक गोल करणाऱ्याला दिला जाणारा करंडक मॉरिस रिशारच्या नावाने का? त्याचे गोल 544. आज तो पहिल्या तीस जणांतही बसत नाही. 50 सामन्यांत 50 गोल हा त्याचा गाजलेला पराक्रम युद्धाच्या वर्षांतला, निम्मे चांगले खेळाडू सैन्यात असतानाचा. मग क्युबेक या कॅनडातल्या फ्रेंचभाषक प्रांताच्या अस्मितेने आणि त्याच्यावरच्या बंदीवरून झालेल्या 1955च्या दंगलीने त्याला आहे त्यापेक्षा मोठं केलं आहे का?

मी मॉन्ट्रियलच्या परिसरात बरीच वर्षं मुलांना आइस हॉकी शिकवते, आणि त्यातही पुढच्या फळीच्या मुलांना, म्हणजे ज्यांनी गोल मारायचे त्यांना. त्यामुळे माझं उत्तर आधी खेळाच्या बाजूने येईल आणि मग समाजाच्या. माझं मत स्पष्ट आहे: रिशारला त्याच्या गोलांच्या बेरजेवरून जोखायचं नसतं, ते गोल कोणत्या परिस्थितीत झाले त्यावरून जोखायचं असतं. तसं जोखलं की तो करंडक योग्य माणसाच्या नावावर आहे हे लक्षात येतं.

पण बेरजेचाही हिशेब करू, कारण तोही वाटतो तितका त्याच्या विरोधात जात नाही. रिशार 1942 ते 1960 खेळला. तेव्हा लीगमध्ये फक्त सहा संघ होते, म्हणजे सहा मुख्य गोलरक्षक, आणि तेच ते लोक वर्षभर पुन्हा पुन्हा समोर. त्यांना तुमची प्रत्येक खोड पाठ. मोसम सुरुवातीला 50 सामन्यांचा, मग 60चा, मग 70चा. आज तो 82चा आहे. रिशारचे 544 गोल 978 सामन्यांत झाले, म्हणजे सामन्यामागे 0.56 च्या आसपास. ग्रेट्झ्कीचे 894 गोल 1487 सामन्यांत, म्हणजे 0.60. ओव्हेच्किननेही 895 गाठले ते बरोबर 1487व्या सामन्यातच. अंतर आहे, पण डोंगर आणि टेकाडाएवढं नाही. शिवाय रिशारच्या हातात सपाट पात्याची लाकडी स्टिक होती. वाकड्या पात्याच्या स्टिका, ज्यांनी पक (खेळातली रबरी चकती) झपकन उचलता येतो, त्या साठच्या दशकात आल्या.

आता माणसाकडे वळते. जन्म 4 ऑगस्ट 1921, मॉन्ट्रियल. वडील सुतारकाम करणारे, कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेत नोकरीला. आठ भावंडांत हा थोरला. घर शहराच्या उत्तर टोकाला, नदीकाठी. ती नदी हिवाळ्यात गोठली की तेच मैदान. मंदीच्या काळात वडिलांची नोकरी गेली आणि घराने ओढगस्तीची वर्षं पाहिली. पोरं नदीवर एक साधा खेळ खेळायची: पक एकाकडे, बाकी सगळे त्याच्या मागे, आणि जो जास्तीत जास्त वेळ पक सोडत नाही तो जिंकला. मी हा खेळ आजही सरावात घेते. यात पास नाही, डावपेच नाहीत. यातून एकच गोष्ट शिकता येते, ती म्हणजे अंगावर माणसं आली असताना पक कसा जपायचा. रिशारचा पुढचा सगळा खेळ त्या नदीवर तयार झाला असं मला वाटतं.

तांत्रिक शाळेत तो यंत्रकाम शिकत होता आणि संध्याकाळी एकाच वेळी अनेक संघांकडून खेळत होता, काही ठिकाणी दुसरं नाव लावून. वरच्या पातळीवर पोहोचला तेव्हा मात्र हाडांनी दगा दिला. 1940-41 मध्ये डावा घोटा मोडला, पुढच्या मोसमात मनगट. 1942 साली मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने त्याला घेतलं, 8 नोव्हेंबरला न्यूयॉर्क रेंजर्सविरुद्ध पहिला गोल झाला, आणि डिसेंबरअखेर उजवा घोटा मोडला. सोळा सामने, पाच गोल, मोसम संपला. हा पोरगा काचेचा आहे असं उघड बोललं जायचं. सैन्यात भरती व्हायलाही तो स्वतःहून गेला होता. सैन्याने क्ष-किरण चित्रं पाहून त्याला परत पाठवलं. युद्ध चुकवून विक्रम केले असा आरोप कधीकधी ऐकू येतो, त्यावर एवढंच पुरेसं आहे.

पुढच्या मोसमात प्रशिक्षक डिक अर्विनने जो निर्णय घेतला, तिथे मी जरा थांबणार आहे, कारण गोल मारण्याच्या विद्येत त्याला फार महत्त्व आहे. रिशार डावखुरा शॉट मारायचा, म्हणजे स्टिकवर डावा हात खाली आणि पातं शरीराच्या डाव्या बाजूला. असा खेळाडू रूढीप्रमाणे डाव्या विंगला, म्हणजे डाव्या कडेला जातो. अर्विनने त्याला उजव्या विंगला उभं केलं. मध्ये एल्मर लॉक, डावीकडे टो ब्लेक. ही तिघांची फळी पुढे ‘पंच लाइन’ (पंच म्हणजे ठोसा) म्हणून प्रसिद्ध झाली.

उलट्या विंगला खेळण्याचा फायदा काय, ते रिंकवर उभं राहिल्याशिवाय चटकन कळत नाही. उजव्या कडेने वर जाताना डावखुऱ्याचं पातं मैदानाच्या मध्याकडे असतं. म्हणजे त्याचे पाय जिथे आहेत त्यापेक्षा पक गोलच्या समोर जास्त येतो. गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. कडेने पाहिलं तर गोलरक्षक त्यातला बहुतेक भाग झाकतो. पक तीन-चार फूट आत सरकला की दूरचा कोपरा एकदम उघडा दिसायला लागतो. शिवाय मधून आलेला पास सरळ पात्यावर येतो, थांबवावा लागत नाही. तोटाही मोठा आहे: स्वतःच्या क्षेत्रातून बाहेर पडताना कडेच्या फळ्यांलगत आलेला पक उलट्या पात्याने घ्यावा लागतो आणि नेमका त्याच क्षणी बचावपटू येऊन आपटतो. ज्याला बॅकहँड, म्हणजे पात्याच्या उलट्या बाजूने खेळणं, जमत नाही त्याने या वाटेला जाऊ नये. रिशारचा बॅकहँड त्याच्या सरळ शॉटइतकाच धोकादायक होता. त्यामुळे ब्लू लाइन, म्हणजे समोरच्या संघाच्या क्षेत्राची रेषा, ओलांडून तो आत आला की तो आतल्या बाजूने कापणार की बाहेरून वळसा घालणार हे बचावपटूला शेवटपर्यंत कळायचं नाही. सरावात सहकारी रे गेटलिफ त्याला पाहून म्हणाला, हा तर रॉकेटसारखा येतो, आणि ‘द रॉकेट’ हे नाव कायमचं चिकटलं. मुलीच्या जन्मानंतर त्याने 9 क्रमांकाचा सदरा मागून घेतला, कारण बाळाचं वजन नऊ पौंड होतं.

पहिल्या पूर्ण मोसमात 32 गोल, आणि मग 1944चे प्लेऑफ, म्हणजे मोसमानंतरचे विजेतेपदासाठीचे सामने. 23 मार्चला टोरांटो मेपल लीफ्सविरुद्ध कॅनेडियन्स 5-1ने जिंकले आणि पाचही गोल रिशारचे. सामन्यानंतर तीन सर्वोत्तम खेळाडूंची नावं जाहीर करायची प्रथा आहे. त्या रात्री तिन्ही वेळा त्याचंच नाव घेतलं गेलं. त्या वर्षी संघाने तेरा वर्षांनी स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद जिंकलं.

आणि मग तो 1944-45चा मोसम. 28 डिसेंबरला त्याने दिवसभर घर बदललं, सामान वाहिलं, संध्याकाळी ड्रेसिंग रूममध्ये येऊन आज दमलोय म्हणाला, आणि डेट्रॉइटविरुद्ध पाच गोल आणि तीन असिस्ट (गोल घडवणारे पास) केले. एका सामन्यात आठ गुण हा तेव्हाचा लीगचा विक्रम. त्याच मोसमात डेट्रॉइटविरुद्धचाच एक गोल आहे ज्याबद्दल मी दरवर्षी माझ्या मुलांना सांगते. अर्ल सायबर्ट हा धिप्पाड बचावपटू, दोनशे पौंडांचा. रिशार ब्लू लाइन ओलांडून आत शिरला तेव्हा सायबर्ट अक्षरशः त्याच्या पाठीवर पडला आणि दोन्ही हातांनी त्याला कवटाळलं. रिशार खाली बसला नाही. पाठीवर तो माणूस घेऊन साठेक फूट गेला, एका हाताने पक सांभाळत, आणि गोलरक्षक हॅरी लुम्लीला हलवून गोल केला. यातली ताकद सगळ्यांना दिसते. मला त्यातला पक दिसतो. पाठीवर ओझं असताना शरीर पुढे झुकतं, नजर खाली जाते आणि पक पायात अडकतो. दहातल्या नऊ खेळाडूंचा गोल तिथेच संपतो. त्याने नजर वर ठेवली. गोलरक्षक ग्लेन हॉलने पुढे सांगितलं होतं की रिशार अंगावर यायचा तेव्हा त्याचे डोळे चकाकताना दिसायचे आणि ते भीतिदायक असायचं. डोळे दिसायचे, कारण ते गोलकडे लागलेले असायचे.

25 फेब्रुवारी 1945ला त्याने ज्यो मेलोन या खेळाडूचा 1917-18 पासूनचा 44 गोलांचा विक्रम मागे टाकला. मग बचावपटूंनी त्याला पकडून ठेवणं, अडकवणं, स्टिकने हाताला मारणं हाच एककलमी कार्यक्रम चालवला. कोणालाच आपल्या संघाविरुद्ध पन्नासावा गोल व्हायला नको होता. तो झाला 18 मार्चला, मोसमाच्या शेवटच्या सामन्यात, बोस्टनमध्ये, सामना संपायला जेमतेम सव्वादोन मिनिटं उरली असताना. 50 सामने, 50 गोल.

आता युद्धाचा मुद्दा. हे खरं आहे की त्या वर्षी लीग दुबळी झाली होती. 1943 मध्ये मैदानाच्या मधोमध लाल रेषा आली, त्यानेही खेळ उघडा झाला आणि सगळ्यांचेच गोल वाढले. पण मग शांततेच्या काळात काय झालं ते पाहा. 1945-46 मध्ये रिशारचे 27 गोल झाले आणि टीकाकार खूश झाले. लगेच 1946-47 मध्ये, सगळे गोलरक्षक आणि बचावपटू सैन्यातून परत आलेले असताना, त्याने 60 सामन्यांत 45 गोल मारले आणि मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून हार्ट ट्रॉफी घेतली. 1949-50 मध्ये 43. एकूण पाच मोसमांत तो गोलांच्या यादीत पहिला होता, त्यातला फक्त एक युद्धकाळातला. दुसऱ्या बाजूने पाहा: मोसम 70 सामन्यांचा झाल्यावरही पन्नासचा आकडा दुसऱ्या कोणाला गाठायला 1961 उजाडावं लागलं, तो गाठला बर्नार जेफ्रियाँने. गॉर्डी हाउसारखा सर्वांगपरिपूर्ण खेळाडू 1952-53 मध्ये 49वर थांबला. आणि 50 सामन्यांत 50 गोल पुन्हा व्हायला 24 जानेवारी 1981 यावी लागली, तेव्हा न्यूयॉर्क आयलंडर्सच्या माइक बॉसीने ते केलं. नंतर ग्रेट्झ्की, मारियो लेम्यू आणि ब्रेट हल. एवढ्या ऐंशी वर्षांत एकूण पाच नावं. युद्धाने त्याला पाच-सात गोल जास्त दिले असतील, मी नाकारत नाही. पण जो खेळाडू युद्धाने घडवला असता, तो युद्ध संपल्यावर संपला असता.

एक मात्र तो कधीच जिंकला नाही. गोल आणि असिस्ट मिळून जे गुण होतात, त्या यादीत तो पाच वेळा दुसरा आला, पहिला एकदाही नाही. 1946-47 मध्ये मॅक्स बेंटलीने त्याला एका गुणाने मागे टाकलं. पूर्ण कारकिर्दीत 544 गोल आणि 421 असिस्ट. गोल असिस्टपेक्षा जास्त असणं मोठ्या खेळाडूंत दुर्मीळ आहे. पास देण्यात तो लॉक किंवा नंतरचा सहकारी जाँ बेलिवो यांच्या जवळपासही नव्हता, आणि बचावात हाउ त्याच्यापेक्षा कितीतरी उजवा. संपूर्ण खेळाडू कोण असं विचाराल तर मी हाउचं नाव घेईन. पण सामना बरोबरीत आहे, दोन मिनिटं उरली आहेत आणि ब्लू लाइनपासून आत एकाच माणसाला पक द्यायचा आहे, तर मी रिशारला देईन. प्लेऑफमध्ये त्याने 133 सामन्यांत 82 गोल केले, त्यातले सहा ओव्हरटाइममध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा वेळात. हे ओव्हरटाइमचे सहा गोल जवळजवळ अर्धशतक विक्रम म्हणून टिकले.

8 एप्रिल 1952. उपांत्य फेरीचा सातवा सामना, बोस्टनविरुद्ध, मॉन्ट्रियलच्या फोरममध्ये, म्हणजे कॅनेडियन्सच्या घरच्या रिंकवर. दुसऱ्या सत्रात लिओ लबीनच्या धडकेने रिशार बर्फावर पडला आणि बेशुद्ध झाला. डोळ्यावरची जखम शिवली. तिसऱ्या सत्राच्या उत्तरार्धात, 1-1 असताना, तो परत आला. शेवटची चारेक मिनिटं उरली होती. त्याने आपल्या बाजूला पक घेतला, उजव्या कडेने पूर्ण मैदान कापलं, बोस्टनच्या खेळाडूंना चुकवत आत वळला आणि गोलरक्षक जिम हेन्रीला हरवलं. सामन्यानंतरचं छायाचित्र हॉकीच्या इतिहासातलं सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र असावं: रिशारच्या चेहऱ्यावरून रक्त ओघळतंय, नाक फुटलेल्या हेन्रीचे डोळे काळेनिळे झालेत, आणि हेन्री हस्तांदोलन करताना जणू वाकून नमस्कार करतोय. आपण गोल कसा मारला ते रिशारला नंतर नीट आठवत नव्हतं. मी इथे प्रशिक्षक म्हणून बोलते: आज असं कोणालाही परत खेळवणं गुन्हा ठरेल, आणि ठरायलाच हवा. डोक्याला मार लागलेल्या मुलाला मी त्या दिवशी बर्फावर पाऊल ठेवू देत नाही. त्या गोलाचं कौतुक करताना हेही सांगायला हवं की तेव्हाच्या व्यवस्थेने त्याचा जीव धोक्यात घातला होता.

त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला, पहिल्या गोलाला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी, त्याने नेल्स स्टुअर्टचा 324 गोलांचा विक्रम मोडला. तेव्हापासून 1963 मध्ये हाउने 545वा गोल मारेपर्यंत सर्वाधिक गोलांचा मानकरी रिशारच होता.

आता 1955. क्युबेकमध्ये बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे, पण कारखान्याचे मालक, बँका, मोठी दुकानं, कार्यालयातली वरची खुर्ची, सगळीकडे इंग्रजीचं राज्य. स्वतःच्या शहरात नोकरीसाठी दुसऱ्याच्या भाषेत बोलावं लागणं काय असतं, हे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्बेल इंग्रजी भाषक. फ्रेंच खेळाडूंना जास्त शिक्षा होतात अशी भावना होती, आणि 1954च्या सुरुवातीला रिशारने एका साप्ताहिकातल्या आपल्या सदरात कॅम्बेलना हुकूमशहा म्हटलं होतं. त्याला माफी मागावी लागली, हजार डॉलरची हमी भरावी लागली आणि सदर बंद झालं. म्हणजे दारू आधीच भरलेली होती.

13 मार्च 1955ला बोस्टनमध्ये तिथल्या संघाच्या हॅल लेकोची स्टिक रिशारच्या डोक्याला लागली, रक्त आलं. रिशारने उलट त्याला स्टिकने मारलं, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. लाइन्समन (सहायक पंच) क्लिफ टॉम्प्सनने त्याला धरलं तेव्हा रिशारने टॉम्प्सनलाही ठोसे लगावले. 16 तारखेला कॅम्बेलनी निकाल दिला: मोसमाचे उरलेले सामने आणि पूर्ण प्लेऑफ बंदी. रिशार तेव्हा गुणांच्या यादीत पहिला होता. फक्त तीन सामने उरले होते.

पंचावर हात उचलला की बंदी हवीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि आधीच्या डिसेंबरातही त्याने एका लाइन्समनला हातमोज्याने मारलं होतं. पण पूर्ण प्लेऑफ? ते जास्त झालं असं मला वाटतं. त्याहून चुकीचं म्हणजे दुसऱ्याच दिवशी, 17 मार्चला, धमक्या येत असताना कॅम्बेल स्वतः फोरममध्ये सामना पाहायला आले. अंडी, टोमॅटो, शेंगा अंगावर पडले. एकाने जवळ जाऊन थप्पड मारली. मग अश्रुधुराचं नळकांडं फुटलं, फोरम रिकामं केलं गेलं आणि 4-1ने पुढे असलेल्या डेट्रॉइटला सामना बहाल झाला. बाहेर सेंट कॅथरीन रस्त्यावर रात्रभर काचा फुटत होत्या. नुकसान सुमारे एक लाख डॉलर.

18 मार्चला रिशार रेडिओवर बोलला, आधी फ्रेंचमध्ये, मग इंग्रजीत. लोकांनी शांत व्हावं, मी शिक्षा भोगेन आणि पुढच्या वर्षी परत येऊन तरुण खेळाडूंबरोबर कप जिंकायला मदत करेन, असं म्हणाला. शहर शांत झालं. ते तीन सामने होईपर्यंत जेफ्रियाँ त्याच्या एक गुण पुढे गेला, 75 विरुद्ध 74, आणि मॉन्ट्रियलच्याच प्रेक्षकांनी आपल्याच जेफ्रियाँची हुर्यो उडवली. अंतिम फेरीत संघ सातव्या सामन्यात हरला.

दंगलीने क्युबेकची ‘शांत क्रांती’, म्हणजे साठच्या दशकातला तिथला मोठा सामाजिक-राजकीय बदल, झाली असं सरसकट म्हटलं जातं. ते मला पटत नाही. ते बदल 1960 मध्ये प्रांतात लेसाज यांचं सरकार आल्यावर झाले. त्यामागे शिक्षण, चर्चची ढिली झालेली पकड, कामगार चळवळी अशी अनेक कारणं होती. पण पत्रकार आंद्रे लोरांदो यांनी ‘ल दव्वार’ या दैनिकात काही दिवसांतच लिहिलं होतं की गर्दीचा राग हॉकीपेक्षा मोठ्या गोष्टीवर होता. तेवढं खरं आहे. आपल्यातला एक माणूस त्यांच्याच मैदानावर त्यांच्यापेक्षा सरस ठरतो, हे लोकांनी वर्षानुवर्षं रेडिओवर ऐकलं होतं. रिशारने स्वतः कधी राजकारणाचा झेंडा हाती घेतला नाही. आपण फक्त हॉकी खेळाडू आहोत हेच तो आयुष्यभर सांगत राहिला, आणि मला वाटतं ते प्रामाणिक होतं.

त्याने रेडिओवर दिलेला शब्द मात्र पाळला. 1955 मध्ये अर्विन गेला आणि पंच लाइनमधला जुना साथीदार टो ब्लेक प्रशिक्षक झाला. रिशारचा धाकटा भाऊ आंरी संघात आला. बेलिवो, जेफ्रियाँ, डग हार्वी, गोलमध्ये जाक प्लांत. 1956 ते 1960 सलग पाच स्टॅनले कप, जे पुन्हा कोणालाही जमलेलं नाही. त्यांचा पॉवर प्ले (समोरचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर असतानाचा खेळ) इतका मारक होता की नियम बदलावा लागला: छोट्या पेनल्टीत एक गोल झाला की खेळाडूला परत येऊ द्यायचं. शेवटची चार वर्षं रिशार कर्णधार होता. 19 ऑक्टोबर 1957ला फोरममध्ये ग्लेन हॉलला हरवून तो 500 गोल करणारा पहिला खेळाडू झाला. पुढच्याच महिन्यात स्केटच्या पात्याने टाचेवरची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) कापली गेली आणि तो तीन महिने बाहेर. वय 36. परत आला आणि त्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये 10 सामन्यांत 11 गोल केले. माझ्या मते ही त्याची सर्वांत थोर कामगिरी आहे, 50 गोलांपेक्षाही. वेग गेलेला होता. उरलं होतं ते फक्त कुठे उभं राहायचं आणि कधी मारायचं याचं ज्ञान, आणि तेवढं पुरलं.

सप्टेंबर 1960 मध्ये तो थांबला. पुढच्या वर्षी हॉल ऑफ फेमने, म्हणजे थोर हॉकीपटूंच्या सन्मान-दालनाने, त्याच्यासाठी निवृत्तीनंतरच्या प्रतीक्षेचा नियम बाजूला ठेवून त्याला सामील केलं. क्लबने नावापुरतं उपाध्यक्षपद दिलं, ते त्याने सोडलं, आणि बरीच वर्षं त्याचे क्लबशी संबंध दुरावलेलेच राहिले. 1972 मध्ये क्युबेक नॉर्डिक्स या संघाचा प्रशिक्षक झाला आणि दोनच सामन्यांत पायउतार झाला. मासेमारीच्या दोऱ्यांचा व्यवसाय केला, जाहिरातींत दिसला. आज अशा खेळाडूला आयुष्यभर पैशाची चिंता नसती.

11 मार्च 1996ला फोरम बंद झालं तेव्हा जुने कर्णधार एकेक करून पुढे आले. रिशारचं नाव घेतल्यावर टाळ्या थांबेनात. तो हात खाली करून पुरे म्हणत होता, डोळे पुसत होता, आणि लोक थांबत नव्हते. त्यातल्या बहुतेकांनी त्याला खेळताना पाहिलंच नव्हतं. 27 मे 2000ला कर्करोगाने तो गेला. एक लाखाहून जास्त लोकांनी अंत्यदर्शन घेतलं आणि नोत्र-दाम बॅसिलिकात शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. खेळाडूला असा मान क्युबेकमध्ये आधी मिळाला नव्हता. 2002 मध्ये आलेल्या पाच डॉलरच्या नोटेवर बर्फात खेळणारी मुलं होती आणि त्यातल्या एकाच्या पाठीवर 9 हा आकडा.

करंडक 1999 मध्ये कॅनेडियन्सने लीगला दिला आणि तो पहिल्यांदा टीमू सेलानेने जिंकला. सर्वांत जास्त वेळा, नऊदा, तो जिंकला आहे ओव्हेच्किनने. आणि तुमच्या प्रश्नातला हाच ओव्हेच्किन उजव्या हाताने शॉट मारणारा असून डाव्या विंगला खेळतो. म्हणजे पक मध्याकडे, दूरचा कोपरा उघडा, मधून आलेला पास थेट पात्यावर. गोलसमोर डावीकडे आखलेल्या वर्तुळातून त्याने जे शेकडो गोल मारले, त्यामागचं गणित अर्विनने 1943 मध्ये रिशारसाठी मांडलं होतं तेच. टोरांटो, मॉन्ट्रियलकडची मराठी कुटुंबं आता मुलांना रिंकवर आणतात आणि विचारतात की डावखुऱ्या मुलाला डावीकडेच खेळवायचं ना. माझं उत्तर असतं: आधी त्याला एक हिवाळा बॅकहँड शिकू द्या. कडेच्या फळ्यांलगत आलेला पक त्याने अंगावर माणूस असताना दहातून सात वेळा नीट घेतला, की मग उजवीकडे पाठवून पाहा.